सुपर नको, रेग्युलर घे

आमचं मेडिकल कोल्हापुरात, पोहण्याच्या तलावाजवळ. उन्हाळी बॅचेस सुरू झाल्या की टॅम्पॉनचा खप वाढतो. मागताना मुली आवाज खाली आणतात, पण मागणी ठरलेली: "वहिनी, सुपर द्या." एकदा लावला की दिवसभर बघायला नको, हा हिशोब. नेमका हाच हिशोब मला मोडावा लागतो.

अमेरिकेत 1980 साली 'रिलाय' नावाचे भरपूर शोषणारे टॅम्पॉन बाजारातून काढून घ्यावे लागले, ते टॉक्सिक शॉक या आजारामुळे. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू कित्येकांच्या अंगावर एरवी निमूट असतो. जास्त शोषणारा टॅम्पॉन बराच वेळ आत राहिला, तर या जंतूचं विष तयार होऊन रक्तात उतरू शकतं. आजार दुर्मीळ, पण झाला तर काही तासांत माणूस आडवा. म्हणून स्राव झेपेल तेवढा लहानच घ्यायचा, 4 ते 8 तासांत बदलायचा. 8 च्या पुढे नाहीच. काढताना कोरडा निघाला, ओढ बसली, तर पुढच्या वेळी त्याहून लहान किंवा सरळ पॅड. लावण्याआधी आणि काढल्यावर हात धुवायचे, हे मुली ऐकून सोडून देतात.

एका आईनं विचारलं, "आत हरवला तर?" गर्भाशयाच्या तोंडाचं छिद्र इतकं बारीक, की टॅम्पॉन पुढे जायला वाटच नाही. खरी भीती वेगळी. पाळी संपता संपता शेवटचा काढायचा राहून जातो.

मागच्या उन्हाळ्यात बॅचमधली एक मुलगी ताप आणि उलटीची गोळी मागायला आली. डोळे लाल, उभी राहताना चक्कर. मी गोळी दिली नाही. "पाळी चालू आहे? टॅम्पॉन आहे?" होता. आधी तो काढायला लावला, घरी फोन करून दवाखान्यात पाठवलं आणि बजावलं, डॉक्टरांना टॅम्पॉनचं आधी सांग. अंगावर उन्हानं भाजल्यासारखी लाली येईपर्यंत थांबण्यात अर्थ नसतो.

साधा व्हायरल निघाला. दुसऱ्या दिवशी वडील येऊन उगाच घाबरवल्याबद्दल मला चार शब्द सुनावून गेले. सुनावू देत. पुढची आली, तरी हेच विचारणार.