आपला शेजारी

इ. स. २०१७ च्या पावसाळ्यातील गोष्ट. वर्गात आम्ही चांगल्या शोमरोन्याचा दाखला शिकवीत होतो. घायाळ वाटसरूस पाहून याजक व लेवी निघून गेले, परका शोमरोनी मात्र थांबला, हे आम्ही मोठ्या रसाळपणे वर्णिले. तास संपताच मागच्या बाकावरील एक मुलगा जवळ येऊन म्हणाला, "सर, बाबांना कालपासून नीट दिसत नाही. घरी जाऊ का?"

त्याचा बाप आमच्याच वडिलोपार्जित शेतात रोजाने फवारणी करीत असे.

त्या साली पऱ्हाटी डोक्याहून उंच वाढली होती. नळी वर धरून फवारावे लागे आणि विषाचे तुषार फवारणाऱ्याच्याच तोंडावर उतरत. यवतमाळ जिल्ह्यात त्या हंगामात सुमारे वीस शेतकरी व मजूर ह्या विषबाधेने दगावले. शेकडो रुग्णालयांत पडले.

आम्ही त्यास तत्काळ यवतमाळच्या सरकारी रुग्णालयात नेले. देवकृपेने तो वाचला. त्याच्या घरी ज्वारीचे पोते पोहोचविले, तेव्हा आमच्या मनास मोठे समाधान वाटले. परंतु त्याची बायको म्हणाली, "मास्तर, ज्वारी देल्ली, लय उपकार झाले. पण तोंडाले बांधाले आंधीच काही देल्लं असतं तं?"

आम्ही निरुत्तर झालो. हातमोजे व मुखपट्टी वापरावी, अशी सूचना डब्यावर छापलेली होती. त्यास वाचता येत नव्हते. आम्हांस येत होते. तरी आम्ही केवळ मजुरी मोजून दिली होती. दाखल्यातील शोमरोनी आम्ही नव्हतोच. त्या जखमेत आमचाही हात होता.

कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी धन्याविरुद्ध ओरडते, असे याकोबाच्या पत्रात सांगितले आहे. मजुराच्या जिवाची काळजी हीदेखील त्याच्या मजुरीचाच भाग होय. १८९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्यप्रांतातून निराधार मुली केडगावी आणल्या, त्यांस अन्न दिले आणि पुढे विद्या व उद्योगही शिकविला. दया दुःखामागून धावते. न्याय दुःखाच्या आधी उठतो. ख्रिस्ताच्या शिष्यास दोन्ही हवीत.

आता आमच्या शेतात साधनांवाचून फवारणी होत नाही. पालकहो, आपणही तसेच करावे. आणि विद्यार्थ्यांनो, त्या मुलाने पुढे डब्यावरील मजकूर आपल्या बापास मोठ्याने वाचून दाखविला. तुम्हांस अक्षरे दिली आहेत, ती ह्याचसाठी.