दादांच्या पाठीवरच्या चौकटी

खूप दिवसांनी लिहिते आहे. घरच्यांना यातली अर्धी गोष्ट ठाऊक आहे. उरलेली त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या घरात कुणीतरी वर्षानुवर्षं खाजवत बसलंय त्यांच्यासाठी.

वाटूरला आमच्या घरी दादांच्या खाजेवर प्रत्येकाचं वेगळं मत होतं. पावसाळा लागला की त्यांच्या पापण्या सुजायच्या. चेहरा, मान, कोपराचे खळगे यांची कातडी काळी, जाड पडायची. रात्र रात्र झोप नाही. काकांच्या मते उष्णता, शेजारच्यांच्या मते रक्त खराब. मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावली की आठ दिवस बरं, सोडली की दुप्पट. मग कुणीतरी सांगितलं, वांगं बंद करा. आधी वांगं गेलं, मग शेंगदाणे, मग अंबाडीची भाजी. सहा वर्षं आईचा स्वयंपाक आटत गेला, खाज तशीच. "आज काय घातलं होतं भाजीत?" हे दादांचं रोजचं. पुढे पुढे आईनं उत्तर देणंच सोडलं. पुण्याहून फोनवर मीही तिला तेच विचारायचे, हे कबूल करते.

गेल्या जानेवारीत दादांना संभाजीनगरला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी शर्ट काढायला लावला आणि म्हणाले, "झाकलेलं अंग चांगलं आहे, उघडं तेवढंच बिघडलंय. हवेतून काहीतरी येतंय. पॅच टेस्ट करू."

ही तपासणी जुनी आहे. याडासोन नावाच्या डॉक्टरांनी १८९५ मध्ये ग्राझला ती मांडली. सुई नाही, रक्त नाही. ॲलर्जी आणणाऱ्या नेहमीच्या गोष्टी (सिमेंटमधलं क्रोमियम, निकेल, केसांचा कलप, रबर, सुगंध, गाजरगवत वगैरे) थोड्या थोड्या प्रमाणात छोट्या वाट्यांत भरून चिकटपट्टीनं पाठीवर लावतात. ४८ तासांनी काढून बघतात, आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. कारण ही ॲलर्जी सावकाश उठते. तोवर पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काम नाही. पाठ बरी असावी लागते, आणि चालू असलेल्या गोळ्या-मलमांचं काय करायचं ते डॉक्टरच ठरवतात. मावशीकडे मुक्काम होता. पाच दिवस आंघोळ नाही म्हणून दादा तिच्या सोफ्यावर बसायलाही लाजत होते.

सोमवारी पट्ट्या लावल्या, बुधवारी काढल्या. शुक्रवारी पाठीवर पेनानं आखलेल्या चौकटींत एकच ठळक लाल होती, बारीक फोडांसकट. गाजरगवत.

आपल्याकडे हे गवत पुण्यात १९५५ च्या सुमारास दिसलं. मूळचं अमेरिका खंडातलं. अमेरिकेच्या गव्हातून आलं असं सांगतात. आता बांधावर, रस्त्याकडेला, वाटूर फाट्यावर, कुठे नाही? एकेका झाडाला हजारो बिया. ते खाणारा भुंगेरा १९८३ मध्ये मेक्सिकोतून बंगळूरला आणला, पण तो किती पुरणार! त्यातलं पार्थेनिन अंगाला बाधतं, आणि वाळलेल्या झाडाचा भुगा धुळीतून उडून चेहऱ्यावर बसतो. म्हणजे हात न लावताही त्रास.

आईनं डॉक्टरांना एकच विचारलं, "वांगं चालतं का मग?"

"सगळं खा. याचा खाण्याशी काही संबंध नाही."

आई काही बोलली नाही. एसटीत खिडकीकडे तोंड करून बसली. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी तिनं वांग्याचं भरीत केलं, वर कच्चं तेल, शेंगदाण्याचं कूट. दादांनी दोनदा मागून घेतलं. "चुकलं" असं म्हणाले नाहीत. ताट मात्र स्वतः उचलून मोरीत ठेवलं. आमच्या घरात हे पहिल्यांदाच बघितलं. माझी माफी मी रात्री मागितली. आई म्हणाली, "जाऊ दे बाई, तुलाबी काय माहीत."

कारण सापडलं म्हणजे रोग गेला असं मात्र नाही. गोळ्या चालू आहेत, मधूनमधून रक्त तपासावं लागतं. लांब बाह्या, बाहेरून आलं की तोंड-हात धुणं. घराभोवतीचं गवत चुलतभाऊ हातमोजे घालून फुलोऱ्याआधी उपटतो. जाळत नाही. दादा तिकडे फिरकत नाहीत.

आणि वावर? ते बटईनं दिलं. चाळीस वर्षं ज्या बांधावर बसून भाकरी खाल्ली, तिथेच ते गवत उगवतं. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा दादा एवढंच म्हणाले होते, "म्हणजे वावरात जायचं न्हाई."

पापण्या आता उतरल्यात, रात्री झोप लागते. सकाळी ते घराच्या ओट्यावर बसतात, आणि वावराकडून येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून विचारतात, कपाशी कशी आहे.