ज्यात कोणी उडत नाही असे सिनेमे

ईदची सुट्टी संपवून मुलगा पुण्याला निघाला होता. मी त्याच्या बॅगेत शेवयांचं पाकीट कोंबत होते आणि तो मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. तसाच म्हणाला, "अम्मी, रात्री बघायला दहा-बारा चांगले सिनेमे लिहून दे. मालिका पण चालतील. फक्त अंतराळ, रोबो, टाइम मशीन असलं नको. ते सगळं माझं बघून झालंय. ज्यात कोणी उडत नाही असं काहीतरी दे."

मी मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवते. मराठीच्या तासाला मुलं मला मॅडम म्हणतात, उर्दूच्या तासाला आपा. बीएड करताना आम्हाला शिकवलं होतं की विद्यार्थ्याला पुस्तक सुचवायचं तर आधी त्याची भूक ओळखा. मुलाची भूक मला माहीत होती. त्याला सिनेमे हवे होते कारण त्याला रात्री झोप येत नव्हती. हॉस्टेल सोडून तो दोन मित्रांबरोबर भाड्याची खोली शोधत होता. फोनवर सगळं ठरायचं. भाडं, डिपॉझिट, पाण्याची वेळ. मग पलीकडून नाव विचारलं जायचं. मित्रांची नावं झाली की याचं नाव यायचं आणि मालकांना अचानक आठवायचं, की खोली भाच्याला द्यायची कबूल केली आहे. सात ठिकाणी सात भाचे निघाले. हे त्याने मला हसत हसत सांगितलं होतं. तो हसत सांगतो तेव्हाच मला जास्त काळजी वाटते.

एसटीला अर्धा तास होता. जुन्या वहीचं एक पान फाडून मी लिहायला बसले. ती यादी इथे देते आहे. कारण अनेक पालक आणि शिक्षक मला हेच विचारतात, की मुलांना काय दाखवावं.

पहिलं नाव लिहिलं 'एलिझाबेथ एकादशी'. परेश मोकाशींचा 2014 चा सिनेमा. आमच्या करकंबहून पंढरपूर तासाभराच्या आत येतं, त्यामुळे त्यातली गल्ली, ती गर्दी, यात्रेतली ती दुकानं आम्हाला नवीन नाहीत. ज्ञानेश नावाचा मुलगा, त्याची बहीण झेंडू, स्वेटर विणून घर चालवणारी विधवा आई. कर्ज थकतं आणि विणायचं मशीन जप्त होतं. ते सोडवायला पैसे हवेत आणि घरात विकण्यासारखी एकच वस्तू आहे, वडिलांनी स्वतः बनवलेली सायकल. तिचं नाव एलिझाबेथ. मुलं एकादशीच्या गर्दीत बांगड्यांचं दुकान मांडतात. बस, एवढंच. माझे अब्बा शिलाईकाम करायचे. एका पावसाळ्यात आमचंही मशीन उसनवारीत दुसऱ्याच्या घरी जाऊन बसलं होतं. घरातला तो रिकामा कोपरा मी विसरलेले नाही. म्हणून मुलाला सांगितलं, सुरुवात इथून कर. आपल्या तालुक्यातल्या गरिबीला रडकं न करताही दाखवता येतं, हे आधी कळू दे.

दुसरं आणि तिसरं नाव इराणचं. माजिद मजिदींचा 'चिल्ड्रन ऑफ हेवन' (1997) आणि अब्बास किआरोस्तमींचा 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाऊस' (1987). पहिल्यात अलीकडून बहिणीचे बूट हरवतात आणि दोघं भावंडं एकच जोड वाटून वापरतात. ती सकाळच्या शाळेत, तो दुपारच्या. मधल्या वेळेत दोघांचं धावणं बघा. या सिनेमाला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं आणि इराणी सिनेमासाठी तो मान पहिलाच होता. पण माझा जीव दुसऱ्यावर आहे. अहमदच्या दप्तरात चुकून मित्राची वही येते. गुरुजींनी त्या मित्राला दम दिलेला असतो, की पुन्हा गृहपाठ वहीत केला नाहीस तर शाळेतून काढेन. अहमद वही परत द्यायला शेजारच्या गावी धावतो. घर सापडत नाही. मोठी माणसं आपापल्या बोलण्यात गुंग, त्याचं कोणी ऐकतच नाही. हा सिनेमा मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मला अहमदपेक्षा ते गुरुजीच जास्त दिसले. दुसऱ्या दिवशी वर्गात एका मुलाने वही आणली नव्हती. नेहमीप्रमाणे आवाज चढवणार होते, तोच थांबले आणि विचारलं, "का नाही आणलीस, बेटा?" घरी वही एकच होती आणि त्या दिवशी ती बहिणीच्या दप्तरात गेली होती. इतकी वर्षं मी हे विचारलंच नव्हतं.

चौथा 'फँड्री'. नागराज मंजुळे आमच्याच जिल्ह्यातल्या जेऊरचे, त्यामुळे त्यांच्या माणसांची भाषा समजून घ्यावी लागत नाही. ती एसटी स्टँडवर रोज ऐकू येते. जब्या शाळेत जातो, त्याला शालू आवडते, आणि गावाने त्याच्या घरावर डुकरं धरायचं काम टाकलेलं आहे. डुक्कर धरताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि सगळं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं, तो प्रसंग मी विसरू शकत नाही. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड सरळ आपल्याकडे येतो. मुलाला मुद्दाम लिहिलं, हा बघताना स्वतःला जब्या समजू नकोस. आपल्या मोहल्ल्यातही कोणाच्या घरचं पाणी कोण पीत नाही, कोणाकडे सोयरीक करत नाहीत, ते आठव. नाव विचारून दार लावणं फक्त पुण्यात होत नाही.

मग मालिका. 'मालगुडी डेज' लिहिली. शंकर नाग यांनी आर. के. नारायण यांच्या कथांवर केलेली. स्वामी आणि त्याचे मित्र बघून कोणत्याही वयात बरं वाटतं. 'नुक्कड' लिहिली. 1986 सालची, कुंदन शाह आणि सईद मिर्झांची. एका कोपऱ्यावरची फाटकी माणसं, एकमेकांची उधारी आणि एकमेकांचा आधार. अलीकडची 'पंचायत' लिहिली. तिच्यातलं फुलेरा उत्तर प्रदेशातलं आहे, पण प्रधान बाई निवडून आलेली आणि कारभार नवऱ्याच्या हातात, हे बघायला आपल्याकडे लांब जावं लागत नाही. पुढे तीच बाई हळूहळू स्वतः बोलायला लागते. ते फार छान जमलंय.

आणि 'मिर्झा गालिब'. गुलजार यांची, 1988 ची. गालिब झालेले नसीरुद्दीन शाह, जगजित सिंग यांचं संगीत. तेव्हा आमच्याकडे टीव्ही नव्हता. आम्ही पलीकडच्या काकूंकडे जायचो. काकूंना उर्दू येत नव्हती. अवघड शब्द आला की त्या अम्मीकडे बघायच्या, अम्मीला तरी कुठे सगळं यायचं! आम्ही घरी दखनी बोलणारी माणसं, दिल्लीची जुबान आम्हालाही परकीच. अब्बांना सिनेमा-टीव्ही पसंत नव्हता. ते काकूंच्या ओट्यावर टीव्हीकडे पाठ करून बसायचे. पण आत कोणी बोलायला लागलं की बाहेरून म्हणायचे, "जरा आवाज बढाव की." मी उर्दूची शिक्षिका झाले त्याचं बी कदाचित त्या ओट्यावर पडलं. आज उर्दूच्या तासाला एखादा पालक विचारतो, याचा उपयोग काय, तेव्हा मला काकू आठवतात. त्यांनी उपयोग विचारला नव्हता.

मोहल्ल्यातले एक बुजुर्ग मला एकदा म्हणाले होते, "उस्तानी असून पोरांना सिनेमे सांगतेस?" त्यांचा राग मला समजतो. पडद्यावर वाईट पुष्कळ आहे. पण पोरांच्या हातात मोबाइल आम्हीच दिला आहे. ते बघणार, हे ठरलेलंच आहे. चांगलं कोणतं, एवढं सांगणं तरी आपल्या हातात आहे की नाही?

यादीत शेवटी एक जुना सिनेमा घातला, 'शेजारी'. 1941, प्रभात कंपनी, दिग्दर्शक व्ही. शांताराम. जिवबा पाटील आणि मिर्झा हे गावातले जिवलग मित्र. धरण बांधायला आलेला माणूस आपल्या फायद्यासाठी दोघांत भांडण लावतो. शेवटी धरण फुटतं आणि दोघं मित्र एकत्र मरतात. आदल्याच वर्षी, 1940 च्या मार्चमध्ये, लाहोरला मुस्लिम लीगचा ठराव झाला होता. अशा वेळी पुण्याच्या कंपनीने हा सिनेमा काढला. मराठीत केशवराव दाते जिवबा झाले आणि गजानन जागीरदार मिर्झा. हिंदीत तो 'पडोसी' या नावाने आला. त्यात हिंदू मित्राचं काम मझहर खान यांनी केलं आणि मिर्झा पुन्हा जागीरदारच. म्हणजे मुसलमान नट हिंदू झाला आणि हिंदू नट मुसलमान. कोणी विचारलं नाही, की नाव काय तुमचं.

एसटी आली. तो गेला. कागद त्याच्या खिशात गेला.

दोन नावं मी मुद्दाम लिहिली नव्हती. एक 'नसीम', सईद अख्तर मिर्झांचा, 1995 चा. त्यात आजोबा झालेत खुद्द कैफी आझमी. 1992 सालच्या मुंबईत शाळेत जाणारी नात आणि अंथरुणाला खिळलेले आजोबा. बाहेर दिवसेंदिवस हवा बिघडत जाते आणि 6 डिसेंबरला आजोबा जातात. ते साल आलं तेव्हा मी शाळेत होते. काही दिवस अब्बांनी आम्हाला घराबाहेर पडू दिलं नव्हतं, एवढं आठवतं. आणि काकूंनी मागच्या दाराने दुधाचं भांडं आणून दिलं होतं, तेही आठवतं.

दुसरा 'गरम हवा'. एम. एस. सथ्यू यांचा. इस्मत चुगताईंची कथा, कैफी आझमी आणि शमा झैदी यांची पटकथा. फाळणीनंतरचं आग्रा. सलीम मिर्झांचा बूट बनवायचा कारखाना. भाऊ पाकिस्तानात निघून जातो, हवेली त्याच्या नावावर असते म्हणून ती हातची जाते. मग सलीम मिर्झा भाड्याचं घर शोधत फिरतात. दार उघडतं, बोलणं होतं, नाव कळतं, दार लागतं. बलराज साहनींनी ते काम असं केलंय की चेहऱ्यावर राग नाही, नुसता थकवा. सिनेमा पडद्यावर यायच्या आधीच ते वारले.

हा सिनेमा मी यादीत कसा घालणार होते? पोरगा आधीच सात दारं बघून आलेला. त्याला आठवं मी दाखवू?

पंधरा दिवसांनी रात्री अकराला त्याचा फोन आला. आवाज वेगळा होता. म्हणाला, "अम्मी, 'गरम हवा' बघितला. तू यादीत का नाही घातलास?"

"तू दमला होतास बेटा."

"मला वाटत होतं हे माझ्यातच काहीतरी आहे. मी फोनवर नीट बोलत नाही, दाढी करून जायला पाहिजे होतं, असं काही. त्यातला म्हातारा माणूस किती चांगला बोलतो! तरी त्याला तेच उत्तर मिळतं." थोडा थांबून म्हणाला, "आणि तो रोज उठून कारखान्यात जातो."

मला काय बोलावं सुचेना. वीस वर्षं मुलांना शिकवते. त्यांना धडा कळला नाही तर पुन्हा शिकवते. पण माझ्याच मुलाला सोसणार नाही म्हणून मी एक धडा वगळला आणि तो त्याने स्वतः वाचून काढला. त्याला जपायच्या नादात मी त्याला एकटा ठेवला होता. आपल्या आधी कोणीतरी या रस्त्याने गेलंय आणि माणूस म्हणून शिल्लक राहिलंय, हे त्याला सांगायला हवं होतं. सिनेमा काय किंवा साहित्य काय, त्याचा याहून मोठा उपयोग मला तरी माहीत नाही.

"एकट्यानेच बघितलास?" मी विचारलं.

"नाही, तिघांनी. शेवटी ते टांग्यातून उतरून मोर्चात जातात ना, तेव्हा कोणीच काही बोललं नाही. मग चहा केला."

त्या दोन मित्रांनी त्याला सोडून खोली घ्यायला नकार दिला होता, हे मला त्याच रात्री कळलं. त्यांना दोनदा चांगल्या खोल्या मिळत होत्या. खोली आता मिळाली आहे, पण करारावर नावं त्या दोघांचीच आहेत. माझ्या मुलाचं नाव नाही. मालकांना तो 'कधीमधी येणारा मित्र' म्हणून माहीत आहे. मी यावर खूश व्हावं की रडावं, मला ठरवता आलेलं नाही. तिघांनी भाडं तीन भागांत वाटून घेतलं आहे, एवढं सांगते.

यादी मी दुरुस्त केली. 'नसीम' आणि 'गरम हवा' दोन्ही नावं आता वरच्या पाचात आहेत. तुम्हीही तुमच्या मुलांना द्या. फक्त एक करा. बाकीचे सिनेमे कसेही बघा, पण हे दोन बघताना सोबत कोणीतरी असू द्या, आणि जमलं तर ते आपल्या नावाचं नसलेलं असू द्या. नंतर चहा करायला कोणीतरी लागतं.