चावी न फिरवता

पाणी ओसरलं आणि गाडीच्या दारांवर चिखलाची सरळ रेघ उरली. "चावी फिरवू नकोस," शेजारचे काका म्हणाले. त्यांनी २६ जुलै २००५चा मुंबईतला पूर पाहिलेला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. इंजिनच्या सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. फोटो काढले, बॅटरीची वायर सोडवली, विमा कंपनीला कळवलं, टोइंगवाल्याला बोलावलं.

मग उरलं थांबणं. बोटं सारखी खिशातल्या चावीकडे जात होती. आईच्या आजारपणातही मला असंच स्वस्थ बसवत नसे. हात न लावणं हीसुद्धा काळजीच, हे मनाला उशिरा पटतं. नदीच्या बाबतीत मात्र ते आपल्याला पटलंच नाही; बोरिवलीत दहिसर नदीला आपण भिंती घालत राहिलो. तिनं पाणी न्यायचं कुठे?