पुण्याची एक धाव, हुबळीच्या दोनशे एक्क्याण्णव

हुबळी आणि धारवाड या जुळ्या शहरांच्या मधोमध, जुन्या पुणे-बेंगळूर रस्त्यावर आमचे रायापूर आहे. या रस्त्याला इकडे सगळे पी. बी. रोड म्हणतात, घरात मराठी बोलणारेही आणि कन्नड बोलणारेही. १९६२ साली दोन्ही शहरांची मिळून एक महानगरपालिका झाली, तरी हुबळीकराला रायापूर धारवाडचे वाटते आणि धारवाडकराला हुबळीचे. अलीकडे बीआरटीएसच्या ‘चिगरी’ बस, म्हणजे कन्नडमधली हरणे, या दोन शहरांमध्ये धावू लागल्या आणि हा वाद थोडा मागे पडला. दोन्हीकडचे असणे म्हणजे कोणाचेच नसणे नव्हे, हे आम्हा रायापूरकरांना कोणी शिकवावे लागत नाही.

याच रस्त्याने एका क्रिकेट संघाचे नशीब कसे फिरले, ते आज सांगायचे आहे. संघ आपला नाही. तो आहे जम्मू-काश्मीरचा. पण त्याचा पराभव पुण्यात लिहिला गेला आणि वर्षभराने विजय आपल्या हुबळीत. मधले अंतर सुमारे सव्वाचारशे किलोमीटरचे.

आधी एक नियम ध्यानात घ्यायला हवा. रणजी करंडकाच्या बाद फेरीत पाच दिवसांत सामना निकाली निघाला नाही, तर पहिल्या डावात ज्याची आघाडी, तो पुढे जातो. आघाडी किती, याला महत्त्व नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्याजवळच्या गहुंजे येथील मैदानावर जम्मू-काश्मीर आणि केरळ यांचा उपांत्यपूर्व सामना झाला. जम्मू-काश्मीरने पहिल्या डावात २८० धावा केल्या. केरळचे नऊ गडी २०० धावांत परतले होते. मग शेवटच्या जोडीने ८१ धावा जोडल्या आणि केरळचा डाव २८१ वर थांबला. पुढे दुसऱ्या डावात जम्मू-काश्मीरने ३९९ धावा करून केरळपुढे तेवढ्याच, ३९९ धावांचे लक्ष्य ठेवले. केरळने ६ बाद २९५ वर सामना वाचवला. पाच दिवसांच्या झुंजीचा निकाल एका धावेवर लागला. केरळ त्या आघाडीवर उपांत्य फेरीत गेला, तिथे गुजरातला दोन धावांच्या आघाडीने मागे टाकून नागपूरच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला. जम्मू-काश्मीरचे खेळाडू मात्र पुण्याहून घरी परतले.

या संघाच्या वहीत अशा जखमा जुन्या आहेत. रणजीत तो पहिल्यांदा उतरला १९५९-६० च्या हंगामात. पहिला विजय मिळाला १९८२-८३ मध्ये, सेनादलाविरुद्ध. मधली तेवीस वर्षे ‘विजय’ या रकान्यात शून्य होते. २०१३-१४ मध्ये गोव्याचे आणि त्यांचे गुण सारखे झाले, तेव्हा दशांश चिन्हापुढच्या आकड्यांनी त्यांना उपांत्यपूर्व फेरीत नेले. फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांच्याच जम्मूत कर्नाटकने त्यांना १६७ धावांनी हरवले. त्या सामन्यातही पहिल्या डावाचे अंतर अवघे १४ धावांचे होते.

कन्नडमध्ये आकडेवारीला ‘अंकि-अंश’ म्हणतात. तसेच कन्नड शाळेतल्या मुलाला परीक्षेत ‘अंक’ मिळतात आणि मराठी शाळेतल्या मुलाला ‘गुण’. आमच्या घरांत हे दोन्ही शब्द एकाच प्रगतिपुस्तकासाठी वापरले जातात. पण शब्दांतला फरक विचार करण्याजोगा आहे. अंक म्हणजे जे मोजले ते. गुण म्हणजे जे अंगात आहे ते. हंगामाचा तक्ता वाचताना आपल्याला अंकांतून गुणांकडे जायचे असते.

तर २०२५-२६ चा तक्ता. सुरुवात पराभवाने झाली. श्रीनगरमध्ये मुंबईने त्यांना ३५ धावांनी हरवले. घरच्या मैदानावर, पहिल्याच सामन्यात. पुढे दिल्लीत जाऊन त्यांनी दिल्लीला सात गडी राखून हरवले. दिल्लीवर मिळवलेला हा त्यांचा पहिलाच विजय. बाद फेरीत इंदूरला मध्य प्रदेशवर ५६ धावांनी मात केली. मग बंगालमधल्या कल्याणीला उपांत्य सामना. तिथे बंगालच्या ३२८ धावांसमोर त्यांना ३०२ धावाच करता आल्या. मोहम्मद शमीने एकट्याने आठ बळी घेतले. २६ धावांची पिछाडी म्हणजे सामना अनिर्णित राहिला असता तर पुन्हा पुणेच. म्हणून जिंकण्यावाचून मार्ग नव्हता. त्यांनी दुसऱ्या डावात बंगालला ९९ धावांत गुंडाळले आणि १२६ धावांचे लक्ष्य चार गडी गमावून गाठले.

या वाटचालीत एका नावापुढचे आकडे सतत वाढत गेले. बारामुल्लाचा वेगवान गोलंदाज अकिब नबी. पुण्याच्या त्या सामन्यात केरळच्या पहिल्या डावात त्याने ५३ धावांत सहा बळी घेतले होते, तरी संघ बाहेर पडला. त्या हंगामात त्याचे एकूण बळी होते ४४. या हंगामात झाले ६०. इंदूरला बारा, कल्याणीला नऊ. वेगवान गोलंदाजांत एका रणजी हंगामात साठी गाठणारे विरळा. आपल्या कर्नाटकच्या दोड्डा गणेशने १९९८-९९ मध्ये ६२, जयदेव उनाडकटने २०१९-२० मध्ये ६७ बळी घेतले होते.

दुसरे नाव कर्णधार पारस डोगराचे. वय ४१. मूळचा हिमाचल प्रदेशचा, तिथून पुदुच्चेरी आणि मग जम्मू-काश्मीर. याच हंगामात त्याने रणजीतल्या दहा हजार धावा पूर्ण केल्या. त्याआधी हा टप्पा वासिम जाफर यानेच गाठला होता. इतक्या धावा नावावर, पण करंडक एकदाही नाही. बाहेरून आलेला माणूस गावाची ओळख होऊन बसतो, हे आपल्याकडे नवे नाही. धारवाडचा पेढाही उत्तरेतून आलेल्या ठाकूर घराण्यानेच केला.

अंतिम सामना २४ ते २८ फेब्रुवारी २०२६ या काळात हुबळीच्या राजनगर मैदानावर झाला. हुबळीत झालेला हा पहिलाच रणजी अंतिम सामना. समोर आठ वेळचा विजेता कर्नाटक, के. एल. राहुल, करुण नायर, मयंक अगरवाल, देवदत्त पडिक्कल, प्रसिद्ध कृष्णा अशी भारताकडून खेळलेली नावे. जम्मू-काश्मीरने पहिल्या डावात ५८४ धावा केल्या. शतक एकट्या शुभम पुंडीरचे, १२१. पण यावेर हसन ८८, साहिल लोत्रा ७२ आणि आणखीही अर्धशतके होती. कर्नाटकचा डाव २९३ वर संपला. त्यात मयंक अगरवालच्या एकट्याच्या १६०. म्हणजे उरलेल्या दहा जणांच्या आणि अवांतर मिळून १३३. नबीचे पाच बळी, ५४ धावांत. दोन डाव शेजारी ठेवले की गोष्ट स्पष्ट होते. एकीकडे एक माणूस लढला, दुसरीकडे अर्धा संघ. आघाडी २९१ धावांची. आदल्या वर्षी एक धाव कमी पडली होती, तिची भरपाई त्यांनी अशी केली.

मी शनिवारी, पाचव्या दिवशी, भाच्याला घेऊन गेलो. रायापूरहून चिगरीने नवनगर, भैरीदेवरकोप्प, उणकलचे तळे मागे टाकत होसूरला उतरलो आणि रिक्षाने राजनगर गाठले. मैदानात कामरान इक्बाल आणि साहिल लोत्रा खेळत होते. सामन्यात तसे काही उरले नव्हते. भाचा घरून कर्नाटकचा झेंडा घेऊन आला होता, तो त्याच्या मांडीवर पडून होता. कामरानच्या शतकाला मी टाळ्या वाजवल्या, तेव्हा तो रागावून म्हणाला, “मामा, आपण कोणाच्या बाजूचे?”

मी उत्तर शोधत होतो, तेवढ्यात शेजारी बसलेले टोपीवाले आजोबा म्हणाले, “चलो आडाकत्तार, तम्मा.” चांगले खेळताहेत, बाळा. एवढेच. भाचा गप्प झाला. लोत्राचे शतक झाले तेव्हा मात्र त्याने झेंडा बाजूला ठेवून टाळ्या वाजवल्या. डाव ४ बाद ३४२ वर सोडला गेला, एकूण आघाडी ६३३ झाली आणि सामना तिथेच थांबला. रणजीतल्या पहिल्या हंगामानंतर ६६ वर्षांनी करंडक जम्मू-काश्मीरला गेला.

भाच्याचा प्रश्न सीमाभागातल्या घरांना नवा नाही. महाराष्ट्र आणि कर्नाटक समोरासमोर आले की आमच्याकडे एकाच ताटावरून दोन पक्ष उठतात. आजोळ एका बाजूला, शाळा दुसऱ्या बाजूला. तिथे आपल्याला बाजू निवडायला लावतात, आणि तक्त्यातही प्रत्येक खेळाडूपुढे एकाच राज्याचे नाव असते. पण माणसे तशी एका रकान्यात मावत नाहीत. सुनील जोशींचेच पाहा. गदग हा तेव्हा आपल्याच धारवाड जिल्ह्याचा भाग. तिथला हा मुलगा सरावासाठी पहाटे हुबळीला यायचा आणि शाळेसाठी पुन्हा गदग गाठायचा. पुढे त्यांनी भारताकडून १५ कसोटी सामन्यांत ४१ बळी घेतले. १९९९ साली नैरोबीत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध दहा षटके, सहा निर्धाव, सहा धावा आणि पाच बळी, हे पृथक्करण आजही अनेकांना पाठ आहे. पण गदग ते हुबळी हा प्रवास कोणत्याही धावफलकात नाही. आणि डिसेंबर २०१४ मध्ये जम्मू-काश्मीरने वानखेडेवर मुंबईला हरवून सगळ्यांना चकित केले, तेव्हा त्या संघाचे प्रशिक्षक हेच आपले गदगचे सुनील जोशी होते.

तेव्हा हुबळीत जिंकलेला संघ आपल्याला अगदीच परका होता, असे म्हणता यायचे नाही. तो बाद फेरीचे तिन्ही सामने परमुलखात खेळला. इंदूर, कल्याणी, हुबळी. ‘घरचे मैदान’ या रकान्यात शून्य. आपल्याकडे मैदान होते, प्रेक्षक होते, भारताचे खेळाडू होते. त्यांच्याकडे आदल्या वर्षीची एक धाव होती.

भाच्याने नंतर वहीत रणजी विजेत्यांची यादी उतरवली. २०२५-२६ च्या ओळीत विजेता जम्मू-काश्मीर, उपविजेता कर्नाटक, स्थळ हुबळी. उपविजेत्याचे नाव त्याने जरा बारीक अक्षरांत लिहिले आहे. स्थळाचे मात्र ठळक, आणि कन्नड व मराठी अशा दोन्ही लिप्यांत.