घडीची रेष

जवस म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चटणी येते. परंतु त्याच वनस्पतीच्या खोडातील धाग्यांपासून लिनन विणले जाते. खोडे भिजवून कुजवायची, वाळवायची, ठेचायची, विंचरायची, तेव्हा कुठे तो करडा-सोनेरी धागा हाती लागतो. वेदीवर अंथरण्यासाठी ख्रिस्तसभेने शतकानुशतके याच वस्त्राला मान दिला.

रोममध्ये अध्ययनासाठी असताना उम्ब्रिया प्रांतातील पेरुजा या डोंगरावरील नगराच्या वस्त्रांची मला ओळख झाली. शुभ्र लिनन आणि टोकांना निळ्या सुताचे पट्टे. पट्ट्यांत गरुडाचे डोके व सिंहाचे धड असलेला ग्रिफिन आणि समोरासमोर उभे पक्षी. मध्ययुगात ही वस्त्रे वेदीवर आणि घरच्या मेजावरही अंथरली जात. पुढे ही कला क्षीण झाली. १९२१ साली जूदित्ता ब्रोझेत्ती यांनी पेरुजात विणकामाची कार्यशाळा काढली. आज त्यांच्या घराण्याची चौथी पिढी एका जुन्या फ्रान्सिस्कन चर्चच्या वास्तूत लाकडी हातमाग चालविते.

मिलान येथील लिओनार्दोच्या ‘अंतिम भोजन’ या भित्तिचित्रातील मेजाच्या वस्त्रालाही असेच निळे पट्टे आहेत. अधिक निरखले, तर त्यावर घडीच्या रेषाही दिसतात. पेटीतून नुकतेच काढलेले वस्त्र! गृहिणीची ही खूण त्या थोर चित्रकाराने टिपावी, याचे मला मोठे कौतुक वाटते.

चित्रात शोभणारी ही घडी प्रत्यक्षात मात्र लिननची वैरीण आहे. लिननचा धागा बळकट खरा, पण त्याला ताण सोसून पुन्हा पूर्ववत होण्याचा गुण फारसा नाही. वर्षानुवर्षे एकाच जागी दुमडून ठेवला, की तो तेथेच तुटतो.

आमच्या धर्मग्रामातील एका मावशींची बहीण इटलीत धर्मभगिनी होती. एका सुटीत तिने असे एक वस्त्र घरी आणले. पुढे तिचे तिकडेच निधन झाले आणि ते वस्त्र प्लॅस्टिकच्या पिशवीत, डांबरगोळ्यांसह, कपाटात गेले. बहिणीची तेवढीच आठवण! गेल्या वर्षी त्यांनी ते मला दाखविले, तेव्हा घड्यांवर तपकिरी रेषा उमटल्या होत्या आणि एका ठिकाणी बोटभर धागे तुटले होते.

“मावशी, हे धुवायला हवे,” मी म्हणालो.

“फादर, धुतले तर विरेल हो!”

त्यांची भीती स्वाभाविक होती. परंतु लिनन ओले झाले की अधिक बळकट होते. आम्ही ते मोठ्या घमेल्यात गार पाण्यात भिजत घातले. पाणी पिवळे झाले. ते तीनदा बदलले. नंतर कोमट पाणी आणि सौम्य साबण. विरंजक चूर्ण मुळीच नको. ते धागाच खाते. पिळणेही नको. जाड पंचात गुंडाळून पाणी टिपावे आणि सावलीत वाळवावे, कारण उन्हात निळा रंग उडतो. किंचित दमट असतानाच उलट बाजूने इस्त्री करावी. भरतकाम असल्यास खाली मऊ टॉवेल घ्यावा, म्हणजे टाके चेपत नाहीत. तुटलेले धागे त्यांच्या सुनेने रफू केले.

ठेवताना खळ देऊ नये. खळीला कसर लागते. आमच्याकडच्या पावसाळी हवेत प्लॅस्टिक म्हणजे बुरशीला आमंत्रणच. जुन्या, धुतलेल्या सुती लुगड्यात वस्त्र सैल गुंडाळावे. घडी घालायचीच, तर दर खेपेस निराळ्या जागी. वेदीवरील वस्त्रांवर मेण सांडते. त्यावर बर्फ धरून बोथट सुरीने खरवडावे आणि उरलेले टीपकागदातून कोमट इस्त्रीने शोषून घ्यावे. वेदीची वस्त्रे सांभाळणाऱ्या आमच्या भगिनींना हे माझ्यापेक्षा उत्तम जमते.

गेल्या नाताळात मावशींच्या घरी भोजनाला गेलो, तर मेजावर तेच वस्त्र होते. धाकट्या नातवाने त्यावर द्राक्षरसाचा पेला लवंडला. सारे एकदम स्तब्ध झाले. मावशी मात्र उठल्या आणि म्हणाल्या, “गार पाणी आणा, गरम नको!”