साखळी

झोप येत नाही. 'डॉक्टर हू' या कालप्रवासाच्या मालिकेतला २००८ चा पॉम्पेईचा भाग पाहिला, तेव्हापासून डॉक्टरची सहप्रवासी डोना हिचं रडणं कानातून जात नाही. सगळं शहर नाही तर नाही, निदान कुणाला तरी वाचव, म्हणून ती डॉक्टरच्या विनवण्या करते. एक कुटुंब वाचतं. बाकीचे मागेच राहतात.

मी इसवी सन ७९ मध्ये तिथे पोचले, तर कुणाला काय सांगू? डोंगर फुटणार म्हणून? व्हेसुव्हियसच्या उतारावर तर त्यांचे द्राक्षमळे होते. १७ वर्षांपूर्वीच्या भूकंपात पडझड झालेल्या इमारतींची डागडुजी अजून चालू होती. जमीन हादरली तरी त्याचं नवल राहिलं नव्हतं. पुढे उत्खननात एका भट्टीत ८१ पाव सापडले. गोल, आठ फोडींच्या खुणा केलेले. त्यांचा पार कोळसा झाला, पण खुणा जशाच्या तशा आहेत. कुणीतरी भाजण्यापूर्वी हाताने केलेलं माप ते.

जीव मात्र अडकतो तो दाराशी साखळीने बांधलेल्या एका कुत्र्यात. १८७४ मध्ये राखेतल्या पोकळीत प्लास्टर ओतून त्याचा ठसा काढला. पाठीवर पडलेला, अंग पिळवटलेलं, पाय वर आखडलेले, गळ्यात पट्टा. आकाशातून हलके दगड पडत राहिले, तसतसा तो ढिगावर चढत गेला असणार. साखळी पुरेल तिथवर.

इतिहासाला हात लावायचा नाही, हे डॉक्टरचं म्हणणं मला पटत नाही. माणसांनी माझं ऐकलं नाही, तरी मी त्या दाराशी वाकेन आणि त्या कुत्र्याचा पट्टा सोडेन.